पंचसूना

धर्मकृत्यांचा उपयोग काय, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून गेलीं दीडशें वर्षें चर्चिला जात आहे, आणि त्याचीं दोन उत्तरें आतां जवळजवळ ठरून गेलीं आहेत. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पूजा, व्रतें, उपास, श्राद्धें हीं चित्तशुद्धीचीं साधनें होत. तीं सोडलीं म्हणजे मन भरकटतें आणि पिढ्यांचा धागा तुटतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, देव भावाचा भुकेला आहे. ताम्हन, पळी आणि पंचामृत यांचें त्याला काय होय? १८६७ सालीं मुंबईस प्रार्थना समाज निघाला तेव्हांपासून हा वाद व्याख्यानांतून, मासिकांतून आणि घरोघरच्या पंगतींतून चालत आला आहे. दोन्ही बाजूंस विद्वान् व सात्त्विक माणसें होऊन गेलीं. तरीहि हा वाद ऐकतांना आम्हांस नेहमीं असें वाटतें कीं, दोन्ही पक्षांच्या हिशेबांतून एक रक्कम सारखी गळत आहे.

पूजेस बसणारा यजमान आणि ज्याची पूजा व्हावयाची तो देव, या दोघांमध्यें काय घडतें एवढेंच दोन्ही पक्ष विचारतात. परंतु ज्या घरांत पूजा होते तेथें तिसरेंहि एक माणूस असतें. तें पहांटे उठून सडा घालतें, नैवेद्य रांधतें, पाट-रांगोळी मांडतें, उष्टीं काढतें, भांडीं घांसतें. आणि बाहेर कथा वाचली जात असतां तें बहुधा स्वयंपाकघरांत किंवा मोरीपाशीं असतें. यजमानाचा भाव शुद्ध आहे कीं नाहीं, मंत्र सार्थ आहेत कीं निरर्थक, हे प्रश्न महत्त्वाचे खरे. पण या तिसऱ्या माणसाचा विचार केल्यावांचून धर्मकृत्याचें मोल ठरवितां येणार नाहीं असें आमचें मत आहे, आणि तें आमच्याच शास्त्राच्या व संतांच्या आधारानें मांडण्याचा येथें प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम शास्त्राकडे वळूं. आमच्या शास्त्रकारांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे चार भाग केले आहेत. काम्य कर्म म्हणजे फळ मनांत धरून केलेलें. नैमित्तिक म्हणजे जन्म, मृत्यु, ग्रहण अशा प्रसंगानें प्राप्त झालेलें. निषिद्ध कर्म तर करूंच नये. नित्य कर्माची गोष्ट मात्र निराळी आहे. तें केल्यानें कांहीं वेगळें फळ पदरांत पडतें असें मीमांसकांचा मोठा वर्ग मानीत नाहीं. न केल्यास मात्र दोष लागतो. पहिल्या नजरेस हा व्यवहार विचित्र वाटतो: केल्यास लाभ नाहीं आणि न केल्यास दंड! परंतु अशा प्रकारचा एक व्यवहार आम्हां सर्वांच्या चांगला परिचयाचा आहे. घेतलेलें देणें फेडलें म्हणून कोणी आपल्या गळ्यांत हार घालीत नाहीं. न फेडलें तर अब्रू जाते. नित्य कर्माच्या कल्पनेच्या मुळाशीं ऋणाची हीच कल्पना आहे. तैत्तिरीय संहिता ब्राह्मणाविषयीं सांगते कीं, तो ऋषि, देव आणि पितर यांचीं तीन ऋणें घेऊन जन्मास येतो. शतपथ ब्राह्मण याच्याहि पुढें जातें. जो कोणी आहे तो ऋणीच जन्मतो असें सांगून तें या तिहींस चौथें एक ऋण जोडतें, तें म्हणजे मनुष्यऋण. आणि माणसांस आसरा व अन्न देऊन तें फेडावें असें म्हणतें. ज्यांस आपला धर्म केवळ परलोकाचा वाटतो त्यांनीं हें चौथें ऋण अवश्य ध्यानांत घ्यावें.

ऋणाची ही कल्पना सर्वांत मर्मभेदक रीतीनें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत आली आहे. तेथें गृहस्थास सांगितलें आहे कीं, तुझ्या घरांत पांच सूना आहेत: चूल, दळण्याचा दगड, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. सूना म्हणजे हत्येचें स्थान. चुलींत किडे जळतात, जात्यांत भरडले जातात, केरसुणीखालीं चिरडले जातात, उखळांत कांडले जातात, घड्याखालीं दबतात. मनुष्य कितीहि सात्त्विक असो, त्याच्या पोटांत जाणारा प्रत्येक घांस या पांच ठिकाणांहून येतो. म्हणून त्याचें जगणेंच हिंसेवांचून होत नाहीं. या दोषाच्या निवारणासाठीं पंचमहायज्ञ सांगितले आहेत: अध्ययन-अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, तर्पण हा पितृयज्ञ, होम हा देवयज्ञ, प्राण्यांस घांस काढून ठेवणें हा भूतयज्ञ आणि अतिथीचा सत्कार हा मनुष्ययज्ञ.

मनुस्मृतींतील पुष्कळ गोष्टी आजच्या विवेकास मानवणार नाहींत, आणि मानवूं नयेत. परंतु या एका विचारापुढें थांबणें आम्हांस अवश्य वाटतें. ‘मी कोणाचें कांहीं वाईट केलें नाहीं’ असें म्हणणाऱ्या सभ्य गृहस्थाला हा विचार सांगतो कीं, बाबारे, तूं जेवतोस ना? मग कोणाचें तरी कांहीं घेऊनच जेवतोस. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील दानसूक्त एकट्यानें खाणाऱ्यास केवळ पापाचा धनी म्हणतें, आणि गीतेचा तिसरा अध्याय स्वतःपुरतें रांधणारा पापच खातो असें म्हणतो, त्याचें मर्म हेंच आहे. धर्मकृत्य म्हणजे देवाकडून कांहीं मिळविण्याची युक्ति नव्हे. आपण कोणाच्या जिवावर जगतों याची रोज एकदां दिलेली कबुली होय. कर्मकांडाची याहून उंच उपपत्ति आमच्या पाहण्यांत नाहीं.

पण येथेंच एक उणेपणा नजरेंत भरतो. ‘सूना’ हा शब्द प्रथम ऐकतांच मराठी वाचकास घरांतल्या सुना आठवतील आणि तो हंसेल. संस्कृत शब्दाचा आणि मराठी शब्दाचा संबंध मुळींच नाहीं. परंतु योगायोग अर्थपूर्ण आहे. चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि घडा हीं पांचहि स्थानें शतकानुशतकें ज्यांच्या हातीं होतीं त्या घरच्या सुना आणि दासीच होत्या. पंचमहायज्ञ गृहस्थाचे; पंचसूना मात्र बायकांच्या. जात्यांत भरडल्या जाणाऱ्या किड्याचा हिशेब शास्त्रानें बारकाईनें ठेवला. जातें ओढतां ओढतां ज्या हातांस घट्टे पडले त्यांचा हिशेब कोठें आहे? किड्यासाठीं प्रायश्चित्त आहे, दळणारीसाठीं नाहीं. पापाचा भागीदार म्हणून गृहस्थाचें नांव लागलें, पण श्रमाची वांटणी झालीच नाहीं.

हा उणेपणा महाराष्ट्रांत कोणाच्या तरी ध्यानांत आला का? आमच्या मतें आला. आणि ज्या घरांत तो उमटला तें घर पंडिताचें नव्हतें.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत देवगिरीस महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं हेमाद्रि पंडित हा मोठा अधिकारी होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध आहे. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशीं त्याचीं खंडें त्यानें योजिलीं होतीं. व्रतखंडांत तिथीवार शेंकडों व्रतें आहेत. कोणत्या दिवशीं काय खावें, काय द्यावें, कोणती मूर्ति कशाची करावी, याचा तपशील पाहून मन थक्क होतें. मोक्षखंड मात्र आज उपलब्ध नाहीं. या गोष्टीवर विनोद करण्याचा मोह कोणासहि होईल; पण हेमाद्रीचा तो दोष नव्हे, काळाचा आहे. तथापि मोक्षाचें जें प्रकरण देवगिरीच्या ग्रंथांतून आपल्या हातीं आलें नाहीं, तें त्याच यादवांच्या राज्यांत गोदेच्या कांठीं जन्मलेल्या एका मुलीच्या चरित्रांत वाचावयास मिळतें.

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर गंगाखेड हें गांव आहे. संत जनाबाईचें हें जन्मस्थान. परंपरा सांगते कीं, तिच्या बापाचें नांव दमा आणि आईचें करुंड. आईबापांचें छत्र लवकरच नाहींसें झालें आणि ती पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरीं दासी म्हणून वाढली. त्या घरचे पुत्र म्हणजे संत नामदेव. नामदेवांचें मूळ गांव म्हणून जें नरसी बामणी सांगतात तेंहि जुन्या परभणी जिल्ह्यांतलेंच. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें तिकडे गेलें. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात, आणि जनाबाईचाहि अंत त्यांच्याबरोबरच झाला असें वारकरी मानतात. तिच्या नांवावर सुमारे साडेतीनशें अभंग आहेत. त्यांत वेदान्त आहे, योगाच्या खुणा आहेत, विठ्ठलाशीं भांडण आहे. परंतु सर्वांत अधिक आहे तें घरकाम. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणें, शेणी वेंचणें: मनूच्या पंचसूनांची यादी समोर ठेवून हे अभंग वाचावे म्हणजे आश्चर्य वाटतें. शास्त्रानें जीं पांच स्थानें दोषाचीं म्हणून मोजलीं, नेमक्या त्याच ठिकाणीं तिला देव भेटतो. देवघरांत भेटल्याचें ती क्वचितच सांगते.

आणि तो भेटून करतो काय? तो दळूं लागतो. महिपतींच्या ‘भक्तविजया’नें (१७६२) आणि त्याहून अधिक कीर्तनकारांनीं ही कथा घरोघर पोंचविली आहे. रात्रीं जनी एकटी दळीत असते. विठ्ठल येऊन तिच्यासमोर बसतो आणि जात्याचा खुंटा धरतो. पहांट होते, देव घाईनें परत जातो, आणि जातांना आपलें रत्नपदक विसरून तिची वाकळ पांघरून जातो. देवळांत पदक सांपडेना, शोध होतो, दासीच्या झोंपडींत तें मिळतें. दासीवर चोरीचा आळ यावयास वेळ लागत नाहीं. तिला सुळीं देण्याचें ठरतें आणि सुळाचें पाणी होतें. कथेंतला चमत्कार ज्याला जसा पटेल तसा त्यानें घ्यावा. आम्ही एवढेंच सुचवितों कीं, ही कथा रचणाऱ्या लोकमानसाला दासीचें जिणें नीट ठाऊक होतें. घरांतली वस्तु हरवली म्हणजे प्रथम कोणाकडे बोट दाखविलें जातें, हें त्या मानसाला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. आणि आजहि तें बोट त्याच दिशेस वळतें.

या कथेचा नेहमींचा अर्थ असा करतात कीं, आपलें काम भक्तीनें केलें म्हणजे तीच पूजा. गीतेच्या अठराव्या अध्यायांत स्वकर्मानें ईश्वराची अर्चा करण्यास सांगितलें आहे, आणि १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत त्या स्वकर्मासच फुलांची उपमा दिली आहे. हा अर्थ खोटा नाहीं; परंतु अपुरा आहे, आणि अपुरा असल्यामुळें घातक होऊं शकतो. ‘काम हीच पूजा’ हें वाक्य दळणारीनें स्वतःशीं म्हटलें तर त्यांत मुक्ति आहे. तेंच वाक्य पलंगावर बसलेल्या धन्यानें दळणारीस सांगितलें तर त्यांत लबाडी आहे. शब्द तेच असून वक्ता बदलतांच धर्माचा अधर्म होतो, याचें इतकें स्पष्ट उदाहरण दुसरें मिळावयाचें नाहीं. आमच्या समाजानें हें वाक्य पुष्कळदां दुसऱ्याच रीतीनें वापरलें आहे. ज्याच्या वांट्यास हीन मानलेलें काम आलें त्याला स्वधर्माचा उपदेश करावयाचा आणि आपण अधिक सुखाचा स्वधर्म पाळावयाचा, असा हा क्रम आहे.

म्हणून कथेकडे पुन्हां नीट पाहिलें पाहिजे. विठ्ठल जनीला असें सांगत नाहीं कीं, तूं दळतेस तेंच माझें पूजन आहे, तेव्हां दळीत रहा. ‘दळण टाक आणि देवळांत ये’ असेंहि तो म्हणत नाहीं. तो समोर बसून खुंटा धरतो. जातें जड असलें म्हणजे दोघींनीं समोरासमोर बसून ओढावें, अशी आमच्या खेड्यांतली रीत होती. ती दुसरी जागा रिकामी होती आणि देव तेथें येऊन बसला. कथेचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. श्रमाची स्तुति करणें आणि श्रमांत वांटेकरी होणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. देवानें दुसरी गोष्ट केली. ज्या घरांत अखंड नामाचा गजर होता त्या घरींहि दळण एकटीच्या वांट्यास होतें. नामदेवांस दूषण देण्याचा यांत मुळींच हेतु नाहीं. जिला त्यांची दासी म्हणवून घेण्यांत धन्यता वाटली तिचाच तसा हेतु नव्हता. परंतु गजरानें दळण उरकत नाहीं, एवढें त्या कथेंतल्या देवाला कळलें होतें.

गंगाखेडच्या वर त्याच गोदेच्या कांठीं पैठण आहे. तेथील एकनाथांच्या (१५३३–१५९९) घरीं देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षें राबला, गंध उगाळलें, कावडीनें पाणी वाहिलें, अशी कथा आहे. येथेंहि देव पूजा घेण्यास आला नाहीं, पूजेचें काम करण्यास आला. आजहि पैठणच्या वाड्यांत त्या श्रीखंड्याचा रांजण भाविक भरतात. एकनाथांचीच श्राद्धाची कथा तर सर्वश्रुत आहे. ब्राह्मणांसाठीं केलेला स्वयंपाक त्यांनीं दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांस वाढला आणि श्राद्धास पुन्हां नवा स्वयंपाक झाला. त्या धैर्यापुढें आम्ही नम्र आहोंत. परंतु ही कथा सांगतांना कीर्तनकार एक ओळ सहसा गाळतात. दुसरा स्वयंपाक गिरिजाबाईंनीं केला. पतीच्या समदृष्टीची किंमत त्या दिवशीं चुलीपाशीं मोजली गेली, आणि ती त्यांनीं आनंदानें मोजली. नाथांच्या धर्मांत अर्धा वांटा गिरिजाबाईंचा आहे असें म्हणण्यास कोणती हरकत आहे?

कोणी असें म्हणेल कीं, हा सारा कर्माचा विचार झाला. मोक्ष ज्ञानानें मिळतो, आणि कर्म हें फार तर चित्तशुद्धीपुरतें. आचार्यांचा हा सिद्धान्त आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच ज्ञानाची एक कथा येथें घेतों. तीहि याच भागांतली आहे. औंढा नागनाथ हें ज्योतिर्लिंग म्हणून पूजिलें जाणारें क्षेत्र, आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. परंपरा सांगते कीं, नामदेव गुरूच्या शोधांत तेथें आले तों विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनीं रागावून पाय बाजूस घेण्यास सांगितलें. वृद्ध म्हणाला, ‘जेथें देव नसेल तेथें नेऊन ठेव.’ नामदेव जेथें पाय नेत तेथें लिंग उमटे. या कथेवरून देव सर्वत्र आहे हें आम्ही शिकतों आणि समाधान पावतों. परंतु ‘सर्वत्र’ या शब्दांत मोरी येते कीं नाहीं? उष्ट्या भांड्यांचा ढीग येतो कीं नाहीं? तो ढीग उपसणाऱ्या बाईच्या ठिकाणीं तेंच आत्मतत्त्व आहे, असें आम्ही प्रवचनांत म्हणतों आणि तिचा चहाचा कप निराळा ठेवतों. हें अद्वैत दिवाणखान्यांतच संपतें. ज्ञान झालें कीं नाहीं याची परीक्षा समाधींत होत असेल. आम्हां संसारी माणसांची परीक्षा मोरीपाशीं होते.

कर्मयोगाचा उपदेश आमच्या वर्गास नवीन नाहीं. मंडालेच्या तुरुंगांत लोकमान्यांनीं लिहिलेलें ‘गीतारहस्य’ १९१५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दिलेलीं गीतेवरील प्रवचनें सानेगुरुजींनीं उतरून घेतलीं. हे दोन ग्रंथ ज्या घरांत नाहींत असें मराठी सुशिक्षित घर एके काळीं विरळा होतें. त्या ग्रंथांनीं आम्हांस संन्यासाच्या मोहांतून काढून कर्माकडे वळविलें हें मोठें काम झालें. पण आम्हीं कर्म म्हणजे कचेरी, कायदेमंडळ, कॉलेज, चळवळ एवढेंच मनांत धरलें. घर चालविणारें कर्म तें कर्मच नव्हे, तो ‘बायकांचा व्याप’! गांधीजींनीं आश्रमाच्या व्रतांत शरीरश्रम घातला आणि दळणापासून पायखाने-सफाईपर्यंत सर्व कामें आश्रमवासीयांत वांटलीं, त्याचें मोल आतां अधिक कळतें. आमच्या शेजारीं कर्नाटकांत बाराव्या शतकांत बसवेश्वरांनीं कायक, म्हणजे श्रम, हाच कैलास मानला. परंतु त्यांच्या परंपरेंत कायकाला दासोहाची जोड आहे. श्रम करावा आणि त्याचें फळ सर्वांत वांटावें. दासोह गाळून नुसतें कायक शिकविलें असतें तर तेंहि धन्यांच्या सोयीचें झालें असतें.

आणखी एक आक्षेप असा येईल कीं, आतां जातें कोठें आहे? विजेच्या गिरणीनें दळण संपविलें, नळानें घडा संपविला, गॅसनें चूल संपविली. तेव्हां हा सारा शोक कालबाह्य आहे. यंत्रानें बायकांचे हात मोकळे केले ही मोठी पुण्याई आहे, आणि जात्यावरच्या ओव्यांसाठीं अश्रु ढाळणारांनीं एकदां पांच शेर दळून पाहावें. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचतांना काव्याचें कौतुक वाटतें, पण त्यांत किती जणींचीं किती रात्रींचीं दुःखें आहेत हेंहि विसरवत नाहीं. तथापि यंत्रानें श्रम संपला नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तो नुसता डोळ्यांआड गेला. देवापुढें गूळ-खोबरें ठेवतांना विचार करावा. या मराठवाड्यांतील हजारों कुटुंबें दसरा झाला कीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊस तोडण्यास जातात. लहान मुलें कोपीच्या दारांत, आई फडांत. त्यांच्या दिवाळीचा दिवा कोणत्या तरी कारखान्याच्या आवारांत लागतो. समईंत जी वात आपण लावतों तिचा कापूस परभणीच्या काळ्या जमिनींत पिकला असेल, आणि तो वेंचणारीचीं बोटें बोंडांनीं फाटलेलीं असतील. मनूच्या काळीं पांच सूना घराच्या भिंतींआंत होत्या. आतां त्या शिवारांत, कारखान्यांत, शहरच्या गटारांत गेल्या आहेत. दोष कमी झाला नाहीं. दिसेनासा मात्र झाला.

मग करावयाचें काय? धर्मकृत्यें सोडून द्यावींत असें आम्ही म्हणत नाहीं. कबुलीच बंद केली तर ऋणाचें स्मरणहि जाईल, आणि ज्यांनीं पूजा सोडली त्यांच्या घरची मोलकरीण अधिक सुखी आहे असें आम्हांस दिसलेलें नाहीं. धर्मकृत्य ज्या ठिकाणीं अर्धवट थांबलें तेथून तें पुढें न्यावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. परभणीच्या एका परिचित कुटुंबांतली रीत येथें सांगण्याजोगी आहे. भाद्रपदांत तिकडे घरोघर महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, पुरण, आंबील असा थाट असतो आणि घरच्या बायका तीन दिवस पाठ टेकीत नाहींत. त्या घरच्या वृद्ध काकू नैवेद्य झाला कीं भांडीं घांसणाऱ्या बाईस पहिल्याच पंगतींत, सवाष्णींच्या शेजारीं पाट देतात. तिच्या दिवसाचे पैसे कापीत नाहींत. आणि संध्याकाळीं मोरीवर मुलगे व नातू बसतात. एका पाहुण्यानें विचारलें, ‘काकू, ती कामालाच ठेवलेली आहे ना?’ काकू म्हणाल्या, ‘ठेवली आहे ती रोजच्याला. आजचीं भांडीं देवाचीं. तीं घरच्यांनीं घांसायचीं.’ काकूंनीं मनुस्मृति वाचलेली नाहीं. परंतु पंचसूनांचें जें प्रायश्चित्त त्या ग्रंथांत लिहावयाचें राहून गेलें तें त्यांच्या घरीं दर वर्षीं होतें.

यांत कोणतीहि क्रांति नाहीं आणि खर्च तर मुळींच नाहीं. सणाच्या दिवशीं काम दुप्पट आणि मजुरी तीच, हा अन्याय आपल्या सर्वांच्या घरीं होतो. तो थांबविण्यास कोणत्याहि धर्मपीठाची आज्ञा लागत नाहीं. नैवेद्य रांधणारीनें शेवटीं जेवावें, कथा ऐकूं नये, आणि पुण्य मात्र यजमानाच्या नांवावर जमा व्हावें, ही रीत मोडण्यास पंचांग पाहावें लागत नाहीं. गोपाळपुरास जनाबाईचें म्हणून जातें दाखवितात. यात्रेकरू त्याच्यापुढें माथा टेकतात. माथा अवश्य टेकावा. परंतु त्या कथेंतल्या देवानें जात्यास नमस्कार केला नव्हता. तो ओढूं लागला होता.

पूजेच्या आरंभीं यजमान हातावर पाणी घेऊन देश, काल, गोत्र आणि हेतु यांचा उच्चार करतो आणि तें पाणी ताम्हनांत सोडतो. त्याला संकल्प म्हणतात. त्या लांबलचक वाक्यांत आणखी चार शब्दांस जागा आहे: ‘या पूजेचे श्रम वांटून घेईन.’ वाचकांनीं घरांत येत्या सणास हा संकल्प करून पाहावा, आणि ज्या हातांतून पाणी सोडलें त्याच हातांनीं त्या दिवशींचीं भांडीं घांसावींत. धर्मकृत्याचा उपयोग काय, हा वाद त्यानंतर पुन्हां करूं. तोंपर्यंत घरांतल्या कोणाला तरी कथा ऐकावयास बाहेर येतां येईल.